हॅट्रिकमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असावी का?

मैदानवेडा
नमस्कार मंडळी. इथे हॅट्रिक खेळणारे बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न इथेच विचारतो. ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी: हा ब्राउझरवर खेळायचा फुटबॉल मॅनेजरचा खेळ, 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला. प्रत्येक देशाची आपली लीग, एका गटात 8 संघ, 14 सामने, 16 आठवड्यांचा मोसम. खेळाडू घ्यायचे, एका आठवड्यात एकाच कौशल्याचा सराव लावायचा, डावपेच ठरवायचे. बाजार मात्र सगळ्या जगाचा एकच. लिलावात कुठल्याही देशाचा खेळाडू कुणीही घेऊ शकतो.

माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. परदेशी किती घ्यावेत यावर बंधन नाही. त्यांना 20% पगार जास्त द्यावा लागतो, एवढंच. माझ्या गटात पहिल्या नंबरवर असलेल्या संघात एकही भारतीय नाही. मी अकादमीतून पोरं काढतो, सतराव्या वर्षापासून घडवतो, आणि त्या पोरांची गाठ पडते ती आयत्या विकत घेतलेल्या पोलिश आणि इटालियन मधल्या फळीशी. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. भारताच्या लीगमध्ये अकरापैकी किमान 6 भारतीय असलेच पाहिजेत, अशी सूचना हॅट्रिक चालवणाऱ्यांकडे पाठवायचा विचार आहे. आयपीएलमध्येही अकरात 4 च परदेशी चालतात आणि सगळे ते मान्य करून खेळतात. तुमचं मत सांगा.

राईट_बॅक
+1. भारताची लीग म्हणायची आणि मैदानात भारतीय औषधालाही नाही! सूचनेवर माझंही नाव घाला.

लिबेरो
मी विरोधात. नियम सगळ्यांना सारखा आहे. तुमच्या भारतीय खेळाडूचा पगार 5000 असेल, तर तेवढ्याच ताकदीच्या परदेशी खेळाडूला तो संघ 6000 देतोय, तेही दर आठवड्याला, आणि असे अकरा जण. ही किंमत तो राजीखुशीने मोजतोय. तुमचे जे पैसे वाचतात त्यांचं तुम्ही काय करता, हा खरा खेळ. सराव, स्टेडियम, कर्मचारी, कुठेही लावा.

मैदानवेडा
@लिबेरो, कागदावर बरोबर. पण वरच्या गटातल्या जुन्या संघाला ते 20% जाणवतही नाहीत. प्रेक्षक जास्त, प्रायोजक मोठे, शिल्लक भरपूर. नवीन माणसाला मात्र एक परदेशी घेतला तरी आठवड्याचा हिशेब बिघडतो. मग नियम सारखा कसा?

ऑफसाईड
छान धागा. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

जुना_खेळिया
हा वाद संगणकाच्या खेळांपेक्षा खूप जुना आहे, म्हणून थोडा इतिहास लिहितो.

1966 च्या विश्वचषकात इटली उत्तर कोरियाकडून 1-0 हरली आणि देशात हाहाकार उडाला. आपल्या क्लबांत परदेशी फार झालेत, म्हणून आपली पोरं मागे पडली, असा निष्कर्ष निघाला आणि नवे परदेशी आणायला बंदी झाली. ती 1980 पर्यंत टिकली. 1982 मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला. बंदीवाले आजही हेच उदाहरण देतात. पण दुसरी बाजू बघा. 1969 मध्ये मिलानने युरोपियन कप जिंकला, त्यानंतर थेट 1985 मध्ये युव्हेंटसने जिंकेपर्यंत एकाही इटालियन क्लबच्या हाती तो लागला नाही. म्हणजे बंदीचा फायदा कुणाला झाला हे तुम्ही कुठे उभं राहून बघता त्यावर आहे.

मला स्वतःला त्या काळातला 1977 चा यूएफा कपचा (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामना फार आवडतो. एका बाजूला युव्हेंटस, नियमामुळे पूर्ण इटालियन. दुसऱ्या बाजूला अॅथलेटिक बिल्बाओ, स्वतःच्या परंपरेने फक्त बास्क, म्हणजे स्पेनच्या बास्क प्रदेशातले. दोन लढतींची बेरीज बरोबरीत सुटली, आणि युव्हेंटसने परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर तो जिंकला. एकाला सक्ती होती, दुसऱ्याने स्वतःहून व्रत घेतलेलं. मैदानवेडा, तुम्हीही पूर्ण भारतीय संघ उभा करा, मी मनापासून टाळ्या वाजवीन. पण तेच शेजाऱ्यावर लादायचं का, याचा विचार करा.

आणि आकड्यात बांधलेल्या मर्यादेने काय होतं त्याचं उदाहरण: युरोपच्या स्पर्धांत 3 परदेशी आणि देशातच घडलेले आणखी 2, असा नियम होता. नोव्हेंबर 1994 मध्ये मँचेस्टर युनायटेड बार्सिलोनाला गेली. त्या नियमात इंग्लिश क्लबसाठी वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंडचे खेळाडूही परदेशी मोजले जायचे. हिशेब जुळवायला डेन्मार्कच्या पीटर श्मायकेलसारखा गोलकीपर बाहेर बसवावा लागला. 4-0 ने हरले. पुढच्याच वर्षी, 15 डिसेंबर 1995 ला बेल्जियमचा खेळाडू बोसमन याच्या खटल्याचा निकाल आला आणि युरोपीय संघातल्या नागरिकांपुरती ही मर्यादा मोडीत निघाली.

राईट_बॅक
आजोबा, मस्त माहिती. पण बोसमन हा हाडामांसाचा माणूस, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. हॅट्रिकमधला खेळाडू कुठे कोर्टात जाणार आहे?

जुना_खेळिया
तो नाही जाणार. पण त्याला घडवणारा मॅनेजर हाडामांसाचाच आहे ना बाळा?

मडगांवकार
गोव्यातून लिहितोय. इथे आमचं लहानपण धेंपो, साळगावकार, चर्चिल या क्लबांच्या सामन्यांवर गेलं. आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, परदेशींवर मर्यादा होतीच. तरी गोल कोण करायचे? चर्चिलचा ओडाफा ओकोली, धेंपोचा रँटी मार्टिन्स. दोघेही नायजेरियाचे, दोघेही आमचे लाडके. मर्यादा घातली की प्रत्येक प्रशिक्षक ती 3-4 माणसं सगळ्यात मोक्याच्या जागी वापरतो, म्हणजे पुढे. भारतीय पोरगा आला की त्याला विंगवर किंवा मागे ढकलायचं.

नंतर आलेल्या आयएसएल लीगमध्येही तेच. 2014 ला मैदानात 6 परदेशी चालायचे, 2017-18 पासून 5, 2021-22 पासून 4. आकडा खाली आला, पण 2014 ते 2024-25 या अकरा मोसमांत गोल्डन बूट एकदाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. एफसी गोवाकडे स्पॅनिश स्ट्रायकर कोरो होता तेव्हा मी फातोर्ड्याच्या स्टेडियमवरचा एकही सामना चुकवत नसे, काय खेळायचा तो माणूस! पण त्याच्या मागे कुठला गोंयकार स्ट्रायकर तयार झाला, हे विचारलं तर मी गप्प बसतो.

तेव्हा 6 भारतीय सक्तीचे केले तर काय होईल? हॅट्रिकमध्ये सामना मधल्या फळीवर चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधली फळी आणि स्ट्रायकर परदेशी ठेवतील, आणि तुमचे भारतीय मागे बचावात उभे करतील. अकादमीतून आलेल्या मिडफिल्डरला तेव्हाही जागा नाहीच.

लिबेरो
@मडगांवकार, अगदी माझ्या मनातलं. आणि आता आशियाच्या फुटबॉल महासंघानेही चॅम्पियन्स लीगमधली परदेशींची मर्यादा 2024-25 पासून काढून टाकली. जग कुठे चाललंय बघा.

मैदानवेडा
@लिबेरो, जग सौदीच्या पैशाच्या दिशेने चाललंय म्हणून आपणही जायचं का? आशियाने मर्यादा काढल्यावर भारतीय क्लब पुढे गेले की मागे, तेही सांगा. पैसेवाल्याच्या हातात आणखी एक हत्यार आलं. मला हीच भीती हॅट्रिकबद्दल वाटते.

@मडगांवकार, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण गोलकीपरपासून बचावापर्यंत निदान सहा जागा तरी आपल्या झाल्या! आज एकही नाही.

गौरी
अवांतर: आंतरराष्ट्रीय मैत्री सामने कुणी लावतं का अजून? ज्या देशाच्या संघाशी असा सामना झाला त्याचा झेंडा खात्यात जमा होतो, आणि मला झेंडे गोळा करायचा नाद आहे. फेरो बेटांचा घरचा झेंडा हवाय, कुणाची ओळख असेल तर सांगा.

ऑफसाईड
माझी आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यांच्या मॅनेजरला बुधवार सोयीचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

कसबेकर
मी या प्रश्नाकडे बाजाराच्या बाजूने बघतो, कारण हॅट्रिक म्हणजे अर्धा बाजारच आहे.

समजा उद्या नियम आला की प्रत्येक देशात 6 स्वदेशी सक्तीचे. जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड हे खेळातले मोठे देश. त्यांच्याकडे मॅनेजर भरपूर, म्हणून अकादम्या भरपूर, म्हणून स्वदेशी खेळाडूंचा पुरवठाही भरपूर. तिथल्या मॅनेजरला नियमाची झळच लागणार नाही. भारतात मॅनेजर कमी, म्हणून अकादम्या कमी, म्हणून चांगले भारतीय खेळाडू मोजकेच. त्यांच्यावर सगळे तुटून पडणार. गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडूचं जे होतं तेच इथे होईल: फूल तेच, भाव तिप्पट.

आता हे मोजके भारतीय कोण घेणार? ज्याच्या खात्यात शिल्लक आहे तो. म्हणजे मैदानवेडांच्या गटातला तोच पहिल्या नंबरचा संघ. नव्या माणसाला आज निदान एक सोय आहे. भारतीय मिळाला नाही तर जगाच्या बाजारातून त्याच ताकदीचा स्वस्तातला रोमानियन किंवा अर्जेंटिनाचा खेळाडू घेता येतो. मर्यादेने ती वाटच बंद होते. ज्याच्यासाठी नियम मागताय, पहिला फटका त्यालाच.

आणि नियम लागू करायच्या दिवशी काय? ज्यांनी कायद्यात राहून, पैसे मोजून परदेशी घेतले, त्यांना ते एकदमच विकावे लागतील आणि भाव कोसळेल. ज्याच्याकडे योगायोगाने पाच चांगले भारतीय पडून आहेत तो काही न करता श्रीमंत. या दोन्हींत न्याय कुठे आहे?

राईट_बॅक
हे मी धरलंच नव्हतं. माझं नाव सूचनेवर राहू द्या, पण मसुदा बदला.

मैदानवेडा
@कसबेकर, पुरवठ्याचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण माझं म्हणणं असं की मागणी वाढली, भाव वाढला, तर अकादमी चालवणं परवडायला लागेल. आज भारतीय पोरगा घडवून विकला तर हातात काही येत नाही, म्हणून लोक अकादमी बंद करतात. झेंडूचा भाव वाढला की पुढच्या वर्षी शेतकरी झेंडू लावतोच की.

कसबेकर
लावतो, पण हॅट्रिकमध्ये पीक यायला फार मोसम लागतात. सतरा वर्षांचा पोरगा वरच्या गटात खेळण्याजोगा होईपर्यंत नवीन मॅनेजर कंटाळून खेळ सोडून गेलेला असतो. भारतात आधीच लोक कमी आहेत. आहेत ते टिकवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गौरी
झेंड्यांचा विषय मीच काढला होता, आता मूळ विषयावर येते, कारण तो मला जवळचा आहे. मी आपल्या युवा राष्ट्रीय संघासाठी खेळाडू शोधायला मदत करते. हॅट्रिकमध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक देशातले मॅनेजर मतदानाने निवडतात, आणि त्याच्या हाताशी आमच्यासारखे चार-पाच जण बसून याद्या करतात. कुठला पोरगा कुठल्या संघात आहे, त्याला कुठला सराव मिळतोय, वाढदिवस कधी.

आमच्या यादीतले कितीतरी चांगले भारतीय खेळाडू परदेशी मॅनेजरांकडे आहेत. एखादा स्वीडिश किंवा स्विस मॅनेजर लिलावात आपला पोरगा घेतो, त्याच्याकडे उत्तम प्रशिक्षक असतो, त्याचा पूर्ण संघ एकाच कौशल्याच्या सरावाला वाहिलेला असतो. आम्ही त्याला पत्र लिहितो, हा खेळाडू आमच्या देशाच्या कामाचा आहे, कृपया विंगऐवजी प्लेमेकिंगचा (मधल्या फळीच्या कौशल्याचा) सराव द्याल का? आणि बहुतेक जण आनंदाने देतात! का? कारण आपण घडवलेला खेळाडू एखाद्या देशाच्या संघात गेला याचा त्यांनाही अभिमान वाटतो. आपल्याला तो खेळाडू स्वदेशी, पण त्यांना तो परदेशीच आहे. ते त्याच्यासाठी 20% जास्त पगार भरून आपल्या राष्ट्रीय संघाचं काम करतायत.

मर्यादा सगळीकडे लागली तर हे मॅनेजर आपली परदेशी जागा एका सतरा वर्षांच्या भारतीय पोरावर कशाला घालवतील? सगळ्यात आधी आपलीच पोरं परत पाठवली जातील. ज्या देशांच्या अकादम्या लहान, त्यांचे राष्ट्रीय संघ बाहेरच्या सरावावर जगतात. मैदानवेडा, तुमची तळमळ खरी आहे, पण हा नियम आपल्या राष्ट्रीय संघाला मारक ठरेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

मडगांवकार
गौरीताई, एक नंबर प्रतिसाद.

ऑफसाईड
अवांतर पण विषयाशी नातं आहे. बालेवाडीत पुणे एफसीचे सामने बघितलेत का कुणी? इझुमी अराता आठवतो? जन्म जपानचा, आई जपानी, वडील भारतीय. पुण्याकडून आधी परदेशी म्हणून खेळला. मग जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि भारताकडूनही खेळला. माणूस तोच, मैदान तेच, एका कागदाने तो परदेशीचा स्वदेशी झाला. हॅट्रिकमध्ये तर तीही सोय नाही, खेळाडूचं राष्ट्रीयत्व बदलतच नाही.

कसबेकर
अराताचं नाव निघालं आणि जीव सुखावला. काय मेहनती खेळाडू! पुणे एफसी बंद झाली त्याचं दुःख मला आजही होतं.

नेकारकाठची
मी श्टुटगार्टला असते, इथल्या लीगचं उदाहरण देते. बुंडेसलीगाने 2006 मध्ये परदेशींवरची मर्यादाच उठवली. त्याऐवजी अट घातली की संघात किमान 8 खेळाडू जर्मनीत घडलेले हवेत, त्यातले 4 स्वतःच्या क्लबमध्ये. सोबत 12 जर्मन खेळाडू करारावर असले पाहिजेत, पण मैदानात किती उतरवायचे याचं बंधन नाही. युरोपच्या फुटबॉल महासंघाचं, म्हणजे यूएफाचंही तसंच: 25 च्या यादीत 8 जागा स्थानिक घडणीच्या खेळाडूंना, आणि स्थानिक म्हणजे 15 ते 21 या वयात तीन वर्षं तिथे घडलेला. पासपोर्ट कुठला हे विचारतच नाहीत. स्पेनचा फाब्रेगास सोळाव्या वर्षी आर्सेनलला गेला म्हणून इंग्लंडमध्ये स्थानिक धरला गेला.

मला या धाग्यात खटकतंय ते हे, की सगळे जन्माबद्दल बोलतायत. मैदानवेडांची खरी खंत घडवण्याबद्दल आहे. घाम गाळून पोरं तयार करणाऱ्याला आणि आयते विकत घेणाऱ्याला खेळ एकाच मापाने मोजतो, असंच तुमचं म्हणणं आहे ना? मग मर्यादा कशाला? तो 20% चा नियमच दुरुस्त करायला सांगा. एखादा केनियाचा पोरगा मी सतराव्या वर्षी घेतला, अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माझ्याच क्लबमध्ये घडवला, तरी शेवटच्या दिवसापर्यंत मी त्याला परदेशी म्हणून जास्त पगार देते. आणि कुणी तयार भारतीय कालच विकत घेतला, त्याला मात्र सूट. हे घडवणाऱ्याच्या विरोधात जातं. एकाच देशात तीन वर्षं सलग काढली आणि सुरुवात 21 च्या आत झाली, की वाढीव पगार बंद, असा नियम मागा.

राईट_बॅक
ताई, हे पटलं! यात कुणाचा संघ मोडत नाही, कुणाला खेळाडू फेकून द्यावा लागत नाही.

गौरी
आणि परदेशातल्या मॅनेजरलाही आपली पोरं सांभाळायला कारण मिळेल. माझा पूर्ण पाठिंबा.

मैदानवेडा
@नेकारकाठची, माझ्या मनात जे होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. सूचना आता अशी पाठवतो: मैदानावर आकड्याची मर्यादा नको. 21 च्या आत घेतलेला खेळाडू सलग तीन वर्षं एकाच देशाच्या लीगमध्ये राहिला, तर तिथे त्याला वाढीव पगार लागू नये. सोबत माझी स्वतःची एक मागणी जोडतोय, ती सोडणार नाही. अकरात किमान तीन खेळाडू स्वतःच्या अकादमीतले असतील, तर त्या आठवड्याच्या पगारखर्चात थोडी सूट मिळावी. सक्ती नाही, बक्षीस. जुन्या श्रीमंत संघालाही ते घेता येईल, पण त्यासाठी त्याला अकादमी चालवावी लागेल.

लिबेरो
पहिल्या भागाला माझी हरकत नाही. दुसऱ्याला आहे. लोक अकादमीतली तीन कच्ची पोरं दुबळ्या संघाविरुद्ध खेळवतील, सूट घेतील, आणि मोठ्या सामन्याला पुन्हा तेच विकतचे. साप्ताहिक सूट नको. द्यायचीच तर मोसमाच्या 14 सामन्यांवर मोजून शेवटी द्या.

मैदानवेडा
14 पैकी 10 सामने धरू. चालेल?

लिबेरो
12 केलेत तर माझं नाव घाला.

जुना_खेळिया
एक तांत्रिक शंका. तीन वर्षं म्हणजे कुणाची? हॅट्रिकमध्ये खेळाडूचं वर्ष 112 दिवसांचं, म्हणजे आपला एक मोसम. तीन वर्षं म्हणजे 336 दिवस. खऱ्या कॅलेंडरची तीन वर्षं धरली तर विसाव्या वर्षी घेतलेला पोरगा सूट मिळेपर्यंत तिशीच्या दारात येईल.

नेकारकाठची
खेळातलीच वर्षं, म्हणजे तीन मोसम. मसुद्यात 336 दिवस असा आकडाच लिहा, म्हणजे वाचणारा गोंधळणार नाही. आणि खेळाडू मधेच विकून पुन्हा घेतला तर मोजणी कुठून, तेही लिहा. मी म्हणेन, त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबमध्ये गेला तर मोजणी चालू, देशाबाहेर गेला तर शून्यापासून.

मैदानवेडा
लिहिलं. 12 सामने, 336 दिवस, देश बदलला की शून्य. मराठीतून मसुदा उद्या इथेच टाकतो, तपासा. इंग्रजी आणि जर्मन करायला कोण घेतंय?

नेकारकाठची
जर्मन माझ्याकडे.

गौरी
इंग्रजी मी करते. राष्ट्रीय संघाच्या याद्यांतले दोन-तीन खेळाडू, नावं न देता, उदाहरण म्हणून जोडते, म्हणजे 20% चा भार कुणावर पडतो ते त्यांना आकड्यांत दिसेल.